चेहऱ्याची आग व्हायलाच हवी का? मुरुमांच्या मलमाची साठ वर्षं



आजचा विषय अनेकींच्या घरात आरशामागे किंवा फ्रिजच्या दारात सापडेल. बोटभर लांबीची एक ट्यूब. तिच्यावर ट्रेटिनॉइन किंवा अॅडापलीन असं नाव असतं. या औषधांच्या घराण्याला रेटिनॉइड म्हणतात. त्वचेचे डॉक्टर ती मुरुमांसाठी लिहून देतात आणि रात्री लावायला सांगतात. मग पुष्कळ घरांत एकच गोष्ट घडते. आठवडाभरात नाकाच्या कडेला साली सुटायला लागतात, तोंड धुताना चरचरतं, मुरुमं कमी होण्याऐवजी वाढल्यासारखी वाटतात. मुलगी घाबरते. आई म्हणते, "बंद कर ते, उष्ण पडलंय तुला." शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, साली निघतायत म्हणजे लागू पडतंय. अजून लाव." आणि मेडिकलवाला म्हणतो, "ताई, ही दुसरी ट्यूब घेऊन जा, दोन दिवसांत आग थांबेल."

गंमत अशी, की हे तिन्ही सल्ले मोठमोठ्या डॉक्टरांनीही एके काळी पाळलेले आहेत. कुणी आग होते म्हणून औषधच सोडलं. कुणी आग म्हणजेच गुण असं मानलं. कुणी आगीवर दुसरं औषध चोळलं. तिन्ही वाटा चुकल्या, आणि त्यांची किंमत वेगवेगळ्या माणसांनी मोजली. चौथी वाट सापडायला बरीच वर्षं गेली. तोच इतिहास आज सांगते, कारण तो ठाऊक असला की हातातल्या ट्यूबचं काय करायचं हेही नीट कळतं.

लोण्यापासून मलमापर्यंत

या मलमाचं मूळ जीवनसत्त्व अ मध्ये आहे. १९१३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस या दोघांनी उंदरांवर काम केलं. डुकराच्या चरबीवर किंवा ऑलिव्हच्या तेलावर ठेवलेल्या उंदरांची वाढ काही काळाने थांबायची. त्यांच्या खाण्यात लोण्याचा किंवा अंड्याचा अर्क घातला, की ते पुन्हा वाढू लागायचे. लोण्यात असं काहीतरी होतं जे साध्या चरबीत नव्हतं. त्यालाच पुढे जीवनसत्त्व अ म्हणू लागले. उंदरांची निगा आणि रोजच्या नोंदी डेव्हिसबाईंनी सांभाळल्या, तेही पहिली काही वर्षं बिनपगारी. शोधाच्या गोष्टीत त्यांचं नाव आपण तरी घेऊ या.

१९२५ साली वॉलबॅक आणि हाउ या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी पुढचं पाऊल टाकलं. जीवनसत्त्व अ न मिळालेल्या उंदरांची शरीरं त्यांनी तपासली. डोळ्यांची, श्वासनलिकेची जी अस्तरं मऊ आणि ओलसर असायला हवीत, ती नखासारखी कोरडी आणि कडक होत होती. म्हणजे शरीराचा पृष्ठभाग कसा बनावा, कधी झडावा, यावर या जीवनसत्त्वाची सत्ता चालते.

याचा मुरुमांशी काय संबंध? आपल्या चेहऱ्यावर प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक छोटी नळी असते. तिच्यातून तेल बाहेर येतं. नळीच्या आतल्या बाजूची मेलेली कातडी सुटी होऊन तेलाबरोबर वाहून जायला हवी. वयात येताना तेल वाढतं आणि ही कातडी सुटी होण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहते. नळीच्या तोंडाशी बूच बसतं. मोरीच्या जाळीत केस आणि साबणाचा लगदा अडकावा, तसंच. आत तेल साठतं, जंतू वाढतात, सूज येते आणि पुटकुळी उठते. बूच बसण्यापासून पुटकुळी दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कातडी झडण्यावर जीवनसत्त्व अ ची सत्ता आहे, तर ते मुरुमांवर द्यावं, असं डॉक्टरांच्या मनात येणं साहजिक होतं. १९४३ साली अमेरिकेतल्या स्ट्रॉमफर्ड नावाच्या डॉक्टरांनी मुरुमांच्या रुग्णांना हे जीवनसत्त्व पोटातून, मोठ्या मात्रेत दिलं. थोडाफार गुण दिसला. पण जीवनसत्त्व अ शरीरात साठत जातं. जास्त झालं की ओठ फुटतात, केस गळतात, डोकं दुखतं, यकृताला इजा होते. पोटातून देण्याला अशी मर्यादा होती. १९४६ साली नेदरलँड्समधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी या जीवनसत्त्वापासून निघणारं आम्ल प्रयोगशाळेत तयार केलं. तेच आपलं ट्रेटिनॉइन. आता औषध थेट चेहऱ्यावर लावणं शक्य होणार होतं.

तेव्हा मुरुमांवर उपाय तरी काय होते? गंधक, सॅलिसिलिक आम्ल, सालं काढणारी द्रावणं, अतिनील किरणांचे दिवे. काही ठिकाणी तर मुलामुलींच्या चेहऱ्यावर क्ष-किरण सोडत. त्या किरणांनी मुरुमं सुकायची. पण पुढे त्यातल्या काहींना गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाल्याचं दिसून आलं. चेहरा साफ करण्यासाठी माणसं काय काय सोसायला तयार होतात, हे त्यावरून कळतं. तरुण वयात चेहऱ्यावर उठलेली ती पुरळ कुणाला क्षुल्लक वाटेल, पण जिच्या चेहऱ्यावर असते तिला नाही.

पहिली वाट: आग होते, सोडून द्या

जर्मनीत गुंटर श्टुटगेन नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांनी हे आम्ल कातडी जाड होण्याच्या आजारांवर लावून पाहिलं आणि १९६२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध काम करत होतं. माशाच्या खवल्यांसारखी जाड झालेली त्वचा मऊ पडत होती. पण त्याबरोबर आग, लाली आणि सोलवटणं इतकं होत होतं, की हे औषध रोजच्या वापरात आणणं अवघड वाटलं. विषय तिथेच मागे पडला.

म्हणजे मघाची आई जे म्हणाली, ते युरोपातल्या दवाखान्यांतही घडलं होतं. आग झाली, औषध बाजूला ठेवलं. त्यात काळजी होती, पण चांगलं औषध काही वर्षं मागे पडलं ते पडलंच.

दुसरी वाट: आग म्हणजेच गुण

हे औषध पुन्हा उचललं ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी. क्लिगमन, फुल्टन आणि प्लेविग या तिघांनी १९६९ साली मुरुमांवर हे आम्ल लावल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. १९७१ साली अमेरिकी सरकारच्या औषध खात्याने परवानगी दिली आणि रेटिन-ए या नावाने औषध बाजारात आलं. केसाच्या नळीतलं बूचच बसू न देणारं, मुळावर घाव घालणारं असं मलम याआधी नव्हतं. आजही जगभर मुरुमांच्या उपचाराचा पाया तेच आहे.

पण पहिलं औषध फार तीव्र होतं. दारूसारख्या उडून जाणाऱ्या द्रावणात मिसळलेलं. चेहरा लाल व्हायचा आणि सोलवटून निघायचा. मुरुमांवर सालं काढणं हाच उपाय, अशी तेव्हाची समजूत. त्यामुळे लाली आणि साली दिसल्या की औषध लागू पडलं, असं डॉक्टरही धरून चालत. कितीतरी रुग्ण हे सहन न होऊन मध्येच उपचार सोडत. काकूंचा "साली निघतायत म्हणजे लागू पडतंय" हा सल्ला थेट त्या काळातला आहे.

हे औषध कुणाच्या कातडीवर पारखलं गेलं, तेही सांगायला हवं. फिलाडेल्फियात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. १९५१ साली तिथल्या कैद्यांच्या पायांना बुरशीची लागण झाली म्हणून क्लिगमन यांना बोलावलं गेलं. वैद्यक शिकण्याआधी त्यांनी बुरशीवरच डॉक्टरेट केली होती. तुरुंगात शिरल्यावर आपल्याला एकरच्या एकर पसरलेली कातडी दिसली, अशा अर्थाचं ते पुढे एका वार्ताहराशी बोलले. कातडीच्या आतली माणसं त्यांना दिसली नाहीत. तेव्हापासून १९७४ पर्यंत त्या तुरुंगात प्रयोग चालले. कैद्यांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवून मलमं, अत्तरं, साबण तपासले गेले. डायऑक्सिनसारखं विषही लावलं गेलं. मुरुमांच्या या औषधाच्या चाचण्याही तिथे झाल्या.

हे कैदी बहुतेक कृष्णवर्णीय आणि गरीब होते. कितीतरी जणांचे खटले अजून उभेही राहिले नव्हते. तुरुंगातल्या इतर कामाला दिवसाला काही सेंट मिळत, प्रयोगाला त्याहून कितीतरी जास्त. कुणाला जामिनाची रक्कम जमवायची होती, कुणाला घरी पैसे पाठवायचे होते. कशाला होकार देतोय हे त्यांना नीट सांगितलं जात नव्हतं. ज्याला नाही म्हणणं परवडत नाही, त्याचा होकार किती खरा मानायचा? आपल्याकडे सावकाराच्या कागदावर उठवलेल्या अंगठ्यांबद्दल हाच प्रश्न विचारला जातो.

सुमारे तीनशे माजी कैद्यांनी २००० साली दावा लावला. फार उशीर झाला म्हणून न्यायालयाने तो फेटाळला. त्या काळच्या रीतीप्रमाणेच आपण वागलो, असं क्लिगमन सांगत राहिले. २०१० साली ते वारले. त्यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने २०२१ साली माफी मागितली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली. तोवर त्यांतले अनेक जण हयात नव्हते.

हे ऐकून कुणी ट्यूब फेकून द्यावी असं मी म्हणणार नाही. औषध चांगलं आहे. पण पाठीवरच्या पट्ट्यांखाली ज्यांची कातडी सोलवटली, त्यांच्या नावाचा उल्लेख कुठल्याही ट्यूबवर नाही. तो असा तोंडी तरी व्हायला हवा.

तिसरी वाट: आगीवर दुसरं औषध

आता मेडिकलवाल्याच्या सल्ल्याकडे येऊ. त्याचं मूळही फिलाडेल्फियातच आहे.

१९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी एक मिश्रण प्रसिद्ध केलं. हेतू होता त्वचेचा रंग उतरवणं, म्हणजे काळे डाग फिके करणं. त्यात तीन औषधं होती. रंग तयार होण्याला अटकाव करणारं हायड्रोक्विनोन, त्वचेचा थर झपाट्याने बदलणारं ट्रेटिनॉइन, आणि डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड. स्टेरॉइड कशासाठी? ट्रेटिनॉइनची आग दाबण्यासाठी. आणि स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, तिला ट्रेटिनॉइन आवर घालेल असा विचार. कागदावर हिशेब चोख होता.

अमेरिकेत या प्रकारच्या मिश्रणाला २००२ साली वांगाच्या डागांसाठी परवानगी मिळाली. तीही आठ आठवड्यांपर्यंतच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्या देशात मात्र अशीच तिहेरी मिश्रणं, बहुतेकदा मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड घातलेली, औषधांच्या दुकानांतून गोरेपणाची क्रीम म्हणून सहज मिळू लागली. मैत्रीण मैत्रिणीला सांगे, पार्लरवाली गिऱ्हाइकाला सांगे, चिठ्ठी कुणी विचारत नसे.

यात आपल्या त्वचेची एक खास अडचण आहे. गोऱ्या त्वचेला आग झाली की ती लाल होते आणि काही दिवसांनी पूर्ववत होते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला आग झाली की मागे काळा डाग राहतो, आणि तो महिनोन् महिने जात नाही. म्हणून आपल्याकडे घडतं ते असं. मुलगी मुरुमांचं मलम भरपूर लावते. चेहरा भाजल्यासारखा होतो. सूज उतरते पण गालांवर काळपट छटा राहते. आता मुरुमांपेक्षा तो डागच जास्त सलतो. ती दुकानात जाते आणि तिहेरी मिश्रणाची ट्यूब घेऊन येते. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत, उजळ. घरातले म्हणतात, काय छान क्रीम आहे! मग ती बहीण वापरते, वहिनी वापरते.

काही महिन्यांनी त्वचा पातळ होते. बारीक लाल शिरा दिसू लागतात. गालांवर, हनुवटीवर लव वाढते. मुरुमं पुन्हा येतात, आधीपेक्षा जास्त. आणि क्रीम थांबवलं की दोन दिवसांत चेहरा तव्यावर धरल्यासारखा पेटतो. पुन्हा लावलं की शांत होतो. दारूचं व्यसन लागतं तसं चेहऱ्याला या क्रीमचं व्यसन लागतं.

२०११ साली आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. म्हणजे साधारण सातांत एक. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टर सोडून इतर कुणीतरी सुचवलं होतं. आणि त्यांच्यात सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरुमं! ज्यासाठी कितीतरी जण ट्यूब लावत होते, तेच ट्यूबमुळे वाढत होतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी खास गट नेमून पाठपुरावा केला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने कायद्यातली पळवाट बंद करून अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याला मनाई केली. कायदा झाला, पण दुकानाच्या काउंटरवर तो पाळला जाईलच असं नाही. तिथे आपले डोळे उघडे हवेत.

चौथी वाट: थोडं लावा, हळू वाढवा

१९८७ साली फ्रान्समधले पियेर शाम्बाँ आणि अमेरिकेतले रोनाल्ड इव्हान्स यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी एक शोध लावला. हे आम्ल पेशीच्या आत नेमकं कुठे बसतं, ती जागा त्यांनी दाखवली. कुलपात किल्ली बसावी तसं ते बसतं आणि पेशीला कोणती कामं चालू-बंद करायची ते सांगतं. अशी कुलपं एकापेक्षा जास्त प्रकारची आहेत. मग ठरावीक कुलपांतच बसेल अशी किल्ली घडवायचे प्रयत्न सुरू झाले. त्यातून फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत अॅडापलीन तयार झालं. १९९६ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ट्रेटिनॉइनच्या सौम्य जेलशी तुलना केली तेव्हा मुरुमांवर त्याचा गुण तेवढाच दिसला आणि आग कमी.

या तुलनेने एक जुनी समजूत मोडली. गुण आणि आग यांची जोडी अटळ नाही. चेहरा सोलवटला नाही तरी मुरुमं जातात. ट्रेटिनॉइनच्याही सौम्य मात्रा वापरात आल्या. ०.१ टक्क्याऐवजी ०.०५, ०.०२५. १९९७ च्या सुमारास बारीक गोळ्यांत औषध भरून ते सावकाश झिरपवणारं जेल आलं. आज डॉक्टर सौम्य मात्रेपासूनच सुरुवात करतात.

आता ही चौथी वाट आपल्या घरात कशी चालायची, ते पाहू. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

रात्री सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवा. घासू नका. पुसून वीस मिनिटं थांबा, कारण ओल्या कातडीत औषध जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं. संपूर्ण चेहऱ्याला मिळून एका वाटाण्याएवढं मलम पुरे. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी यांवर ठिपके द्या आणि हलक्या हाताने पसरवा. फक्त मुरुमावर टिळा लावून उपयोग नाही, कारण उद्याचं बूच आज न दिसणाऱ्या जागी बसत असतं. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोडा. तिथे आधीच थोडं व्हॅसलीन लावून ठेवलं तर आणखी बरं.

पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड, किंवा दोन दिवसांआड लावा. चेहरा नाजूक असेल तर आधी साधं मॉइश्चरायझर, मग मलम, मग पुन्हा मॉइश्चरायझर. काही डॉक्टर मलम अर्धा-एक तास ठेवून धुवायला सांगतात, तेही चालतं. मॉइश्चरायझर म्हणून खोबरेल तेल मात्र नको. मुरुमांच्या चेहऱ्यावर ते नळ्या बुजवू शकतं. मुरुमांसाठी चालणारं, वास नसलेलं मॉइश्चरायझर डॉक्टरांना विचारून घ्या.

या काळात लिंबू, टूथपेस्ट, तुरटी, बेसनाने चोळणं, ब्लीच आणि फेशियल सगळं बंद. बाजारात रेटिनॉल लिहिलेली सीरमं मिळतात. तीही याच घराण्यातली. चिठ्ठीचं मलम चालू असताना ती वरून लावू नका. ओठांवर किंवा गालांवर वॅक्सिंग करायचं असेल, तर निदान आठवडाभर आधी मलम थांबवा, नाहीतर मेणाबरोबर कातडीही निघून येते. सकाळी सनस्क्रीन लावा. शेतात, बाजारात जाताना पदर, ओढणी, छत्री, जे असेल ते घ्या. हे मलम लावलेल्या चेहऱ्याला ऊन लवकर बाधतं आणि डाग उन्हानेच गडद होतात.

थोडा कोरडेपणा, बारीक साली, लावल्यावर जरा चरचर, एवढं पहिल्या महिन्या-दीड महिन्यात होऊ शकतं. मुरुमंही थोडी वाढल्यासारखी दिसतात, कारण आत तयार असलेली लवकर वर येतात. घाबरू नका. पण चेहरा दिवसभर आगत असेल, पाणी लावलं तरी झोंबत असेल, तर मलम तीन-चार दिवस थांबवा, फक्त मॉइश्चरायझर लावा, आणि मग आधीपेक्षा कमी वेळा सुरू करा. पापण्या सुजल्या, फोड आले, पाणी सुटलं, तर बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा. आणि फरक दिसायला दोन ते तीन महिने द्या. बूच बसायला आठवडे लागतात हे मघाशी सांगितलं. ते साफ व्हायलाही तेवढे लागणारच. लग्न तीन आठवड्यांवर आल्यावर हे मलम सुरू करू नका. तीन-चार महिने आधी करा, म्हणजे हळदीच्या दिवशी चेहरा शांत असेल.

गरोदर असाल किंवा दिवस राहावेत असा विचार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. या काळात ही मलमं टाळतात. या घराण्यातली आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी तर फारच जपून घ्यायची. १९८२ साली अमेरिकेत ती हट्टी मुरुमांसाठी आली आणि पुढच्याच वर्षापासून गंभीर व्यंग असलेली बाळं जन्मल्याच्या नोंदी येऊ लागल्या. गोळीने हे होऊ शकतं याचा इशारा प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आधीच मिळाला होता. तरी काटेकोर नियम यायला वर्षं लागली. ही गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर निदान एक महिना दिवस राहता कामा नयेत. घरात कुणाची उरलेली गोळी असेल तर ती दुसरीने चुकूनही घेऊ नये.

शेवटी एकच काम सांगते, आजच करा. घरातल्या सगळ्या ट्यूब काढा आणि त्यांवरची बारीक अक्षरं वाचा, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन. यांपैकी एखादं नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. वेष्टनावर लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे. असं क्रीम काही महिने चेहऱ्याला लावत असाल, तर लाजू नका आणि एकदम थांबवूनही बसू नका. ट्यूब हातात घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. चेहरा सावरायला वेळ लागतो, पण सावरतो.

मेडिकलवाल्याने दुसरी ट्यूब पुढे केली, तर त्याला विचारा, "यात स्टेरॉइड आहे का?" आणि काकूंना सांगा, सालींवरून औषधाचा गुण ठरत नाही.